घरटी एक माणूस

तिनखारला जाण्याआधी मी ते गाव निदान चारशे वेळा बुडवलं होतं. पुण्यात बसून, पंख्याखाली, हाताशी चहा ठेवून. एकदा बुडवायला आमच्या कंप्युटरला पाऊण तास लागतो. जेवायला जाताना बटण दाबलं की परत येईपर्यंत गाव पाण्याखाली गेलेलं असायचं. मग मी निकाल लिहून घ्यायचे आणि पुढचा पाऊस पाडायला बसायचे.

आधी धंदा सांगते, नाहीतर मी कोणी माथेफिरू आहे असं वाटेल. नवं शहर वसवायचं असलं की त्या जागेवर निसर्ग काय काय करेल, याची कंप्युटरवर रंगीत तालीम करून बघणं हे आमचं काम. भरती-ओहोटी, पाऊस, गाळ, खारफुटी, सगळ्यांना आपापले नियम शिकवायचे आणि पन्नास वर्षं मोकळं सोडून द्यायचं. पाणी जिकडून वाहील तिथे रस्ता टाकायचा नाही, जिथे साचेल तिथे तळं. 'निसर्गाने आखलेलं शहर' असं आमच्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. त्याखाली निसर्गाचा नाही, आमचा फोन नंबर असतो.

तिनखार हे धरमतरच्या खाडीकाठचं साठ-पासष्ट घरांचं गाव. खरं नाव वेगळं आहे, ते लिहीत नाही. गावकऱ्यांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे. आमच्या प्रत्येक तालमीत दोन-तीन पावसाळ्यांतच खाडी गावात शिरायची आणि मागे एक देखणं, वळणदार तळं उरायचं. गिऱ्हाइकाला ते तळं फार आवडलं. तळ्याभोवती इमारती, काठाने फिरायची वाट, बदकं. गावाचं काय, तर 'पुनर्वसन' हा शब्द होताच. फक्त अहवालाला 'प्रत्यक्ष पाहणी' नावाचं एक प्रकरण जोडायचं राहिलं होतं. ते जोडलं की तळं कायम होणार होतं.

आमचा प्रमुख अनिरुद्ध मला म्हणाला, "चार दिवस जाऊन ये. फोटो काढ. मासे खा."

पेणच्या पुढे

पितृपक्ष संपत आला होता. पेणला उतरले तेव्हा गणपतीचे कारखाने नुकतेच रिकामे झाले होते आणि गल्ल्यांमध्ये सगळीकडे मातीचा वास होता. मी भेट म्हणून पोह्याचे पापड घेतले. रिक्षात माझ्याशिवाय एक पोतं, दोन बायका आणि ओळखीचे असल्यासारखे माझ्या मांडीवर ठेवलेले केळीचे घड होते.

"तिनखारला कोनाकरं?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"हिराबाईंकडे."

"सर्वेवाल्या काय?"

"नाही. पक्षी बघायला आलेय."

प्रवासातलं हे माझं पहिलं खोटं. ऑफिसनेच तसं ठरवून दिलं होतं. पंचायतीतल्या एका माणसाला सांगून राहण्याची सोय केली होती, ती खारफुटी आणि पक्षी यांच्या नावावर. रिक्षावाल्याने मान डोलावली. माझ्या पायांतले पाणी न शिरणारे नवेकोरे बूट बघून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं असावं.

पुढे रस्ता बांधावरून जातो. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला पोटरीला आलेलं भात. भरतीची वेळ होती. पाच मिनिटं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की डावीकडचं पाणी उजवीकडच्या भातापेक्षा उंच आहे. मधे फक्त मातीचा एक बांध, त्यावर आमची रिक्षा आणि केळी. आमच्या नकाशात ह्याच बांधावर 'नैसर्गिक उंचवटा' असं लिहिलेलं होतं आणि ते मीच लिहिलं होतं. मला जरा अस्वस्थ वाटलं, पण मी ते रिक्षाच्या धक्क्यांवर ढकललं.

हिराबाई साठीच्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा विकास न्हावा शेव्याला बंदरात ट्रेलर चालवतो, आठ-दहा दिवसांनी घरी येतो. घरापुढे अंगण असावं तिथे तळं, आणि तळ्यात जिताडे मासे. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पिशवी घेऊन बाजारात पळतात. हिराबाईंनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, माझी भूक मापली आणि दारातच जाळं टाकलं.

"मासली खातंस ना, म्याडम?"

"खाते."

"बरा. परवा आवस हाय, तवा गोड. तवर खाऊन घे."

तांदळाची भाकरी, जिताड्याचं आंबट, म्हणजे कालवण, आणि फोडलेला पांढरा कांदा. मी इतकं जेवले की नंतर लिहिण्यापुरतंही वाकता येईना. तरी कर्तव्य म्हणून टॅब्लेट काढला आणि मी कुठे आहे ते तपासलं. माझा निळा ठिपका तळ्याच्या बरोबर मधोमध होता. दारातल्या तळ्याच्या नव्हे, आमच्या तळ्याच्या. नकाशाच्या हिशेबाने मी, हिराबाई, चूल आणि भाकऱ्यांची दुरडी असे सगळे दीड पुरुष पाण्याखाली बसलो होतो. मी टॅब्लेट पालथा घातला आणि आणखी थोडं आंबट मागितलं.

बांधावर

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई म्हणाल्या, "पक्षी बघाया जातंस तर चल, मी पन बांधावर जाते."

गावात सकाळी उठून मंदिरात जावं तशा त्या बांधावर जातात. बांध अख्ख्या गावाचा, पण प्रत्येक घराचा त्यात एकेक तुकडा आहे. कुठे लिहिलेलं नाही. एक वाकडं भेंडीचं झाड, एक दगड, अशा खुणा. आपल्या तुकड्यावर रोज फिरून यायचं आणि चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली बिळं बुजवायची. हिराबाई बीळ दिसलं की थांबत, ओला चिखल आत कोंबत आणि टाचेने दाबत. हाताने नव्हे, टाचेनेच. त्यांच्या टाचेला त्याचा अंदाज होता. पोकळ लागलं तर त्या परत उकरून परत भरायच्या.

खेकडे बघून मला मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ह्या खेकड्यांवर मी दोन महिने घालवले होते. आमच्या तालमीत प्रत्येक खेकडा स्वतंत्र होता. तो कधी बीळ पाडेल, किती खोल, ओल किती असताना, सगळे नियम मी लिहिले होते. परिषदेत मी त्यांच्यावर निबंध वाचला होता आणि टाळ्याही मिळाल्या होत्या. आता माझ्या डोळ्यांसमोर एक बाई ती बिळं एकामागून एक बुजवत चालली होती.

"हे रोज करता?"

"रोज. पावसात दोनदा."

"आणि नाही केलं तर?"

"खांड जाल." मग माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. "बांध फुटल. खारा पानी शेतान शिरला की तीन-चार वर्सां भात नाय."

त्यावेळी मला काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. आमच्या तालमीत चंद्र होता, वारा होता, गाळाचे कण होते, माझे खेकडे होते. हिराबाई नव्हत्या. माणूस आला की निसर्गात ढवळाढवळ होते म्हणून आम्ही माणसं मुद्दाम वगळली होती. खेकडे पन्नास वर्षं बिळं पाडत होते आणि बुजवायला कोणीच येत नव्हतं. गाव बुडत होतं ते समुद्रामुळे नाही, माझ्यामुळे. एवढी ढोबळ चूक एखाद्या शहाण्यासुरत्या माणसाला सुचली नसती. त्यासाठी आमच्यासारखं शिकावं लागतं.

ह्या विचारात मी बांधाच्या कडेवर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. पाणी न शिरणाऱ्या बुटात चिखल छान शिरतो आणि मग बाहेर येत नाही. हिराबाईंनी मला काखेत धरून ओढलं. मी आले, डावा बूट आला नाही. टॅब्लेट बांधावर उताणा पडला आणि उजळला. त्यांनी तो उचलून पदराने पुसला. पुसताना बघितला.

"ही खाडी," त्या बोट ठेवत म्हणाल्या. त्यांना नकाशा लगेच लागला, मला पहिल्यांदा अर्धा तास लागला होता. "हा बांध. मंग ह्या निला काय हाय?"

"पाणी."

"कुठचा?"

"इथलं. नवीन शहर होणार आहे ना, त्यातलं तळं."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मागे वळून गावाकडे बघितलं, परत टॅब्लेटकडे.

"हितं तर माझी चूल हाय."

मी खाली मान घालून उरलेला बूट काढत बसले. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की आता ही बाई ओरडेल, गाव गोळा करेल. त्यांनी टॅब्लेट माझ्या हातात दिला.

"तू पक्षीवाली नाय."

"नाही."

"हा तूच काढलास?"

"हो. पण चुकलाय. तुम्ही बिळं बुजवता ते आम्ही धरलंच नव्हतं. मी परत गेल्यावर दुरुस्त करते."

"मंग आता बघून घे नीट," हिराबाई म्हणाल्या आणि पुढच्या बिळापाशी गेल्या. दुपारी जेवायला वाढलं. भाकरी तितक्याच वाढल्या, फक्त 'म्याडम' म्हणायचं बंद झालं.

सर्वपित्री

अमावास्येची भरती मोठी, त्यात भाद्रपदातली. ह्या भरतीला इकडे उधाण म्हणतात आणि ते भर दुपारी येतं. सकाळपासून घराघरातून वड्यांचा वास येत होता. हिराबाईंनी नवऱ्यासाठी खीर, वडे, अळूचं फदफदं असं सगळं मांडलं होतं. विकास येणार होता, पण त्याचा फोन आला: बंदरात गाड्यांची रांग लागली आहे, सुट्टी मिळत नाही. त्याला आवडणारा वडा हिराबाईंनी वेगळा काढून ठेवला होता, तो परत टोपात टाकला.

दहाच्या सुमाराला गल्लीतून एक माणूस थाळी बडवत गेला. गावाच्या उत्तरेला बांध झिरपत होता.

"काय करायचं असतं?" मी विचारलं.

"घरटी एक मानूस जायाचा."

हिराबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. पान अजून वाढायचं होतं आणि पान ठेवून कावळा शिवेपर्यंत घरच्या बाईने उंबरा सोडायचा नाही, असा त्यांच्याकडे रिवाज. एरवी नवऱ्याच्या मागे ह्या घराचं माणूस म्हणून त्याच जातात. त्यांनी चुलीकडे बघितलं, पानाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तू जा."

"मी?"

"घरात दुसरा कोन हाय?"

मी त्यांच्या मुलाच्या चपला घातल्या आणि गेले. बांधावर एक म्हातारा, धर्मादादा, उभा होता. त्याच्या हातात वही नव्हती, यादी नव्हती. तो येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा आणि कुठलं घर आलं ते त्याला कळायचं. न येणाऱ्या घराला दंड वगैरे काही नसतो. पुढे त्यांच्या दाराशी थांबून कोणी पाणी मागत नाही, एवढंच. मला बघून तो थांबला.

"ही कोनाची?"

"हिराबायची," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरा. उभी ऱ्हा."

उलटतपासणी एवढीच. मला रांगेत उभं केलं. खालून चिखलाची ढेप यायची, ती पुढच्याकडे द्यायची. माझ्या एका बाजूला शाळेतल्या बाई होत्या, दुसऱ्या बाजूला एक सत्तरीचे आजोबा, ज्यांना दम लागत होता आणि जे तरी माझ्यासाठी थांबत होते. पहिल्या पाच ढेपांना वाटलं, जमतंय. दहाव्या ढेपेला हात गेले. विसाव्या ढेपेला मी ती आजोबांच्या पायावर टाकली. ते म्हणाले, "हलू दे, हलू," आणि उचलून पुढे दिली. पलीकडे खाडी वर चढत होती. झिरप आधी करंगळीएवढी होती, मग मनगटाएवढी झाली. खांबोट्या ठोकल्या, पेंढा कोंबला, त्यावर चिखल, त्यावर माणसं. आठ-दहा जण एका ओळीत उभे राहून नुसतं टाचांनी दाबत होते. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हुकूम सोडत नव्हतं.

मी हे संकट चारशे वेळा बघितलं होतं. मला पुढचं माहीत होतं: झिरप रुंद होते, कडा ढासळते, आणि पाणी आत येतं ते येतंच. मी खरंच घाबरले होते. आत भात उभं होतं, पलीकडे घरात पान मांडलेलं होतं. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर अंतरापर्यंत चढलं, तिथे अर्धा तास थांबलं आणि उतरायला लागलं. कडा ढासळली नाही. माझ्या सगळ्या तालमी मिळून एकदाही असं घडलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून मोटरसायकल आली. अंगात बंदरातलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पायात जाड बूट. तो विकास. उतरून सरळ माझ्यासमोर आला.

"म्याडम, व्हा बाजूला. मी आलो."

"काम झालं," मी म्हटलं. माझ्या आवाजात थोडा गर्व आला असावा.

तो हसला नाही. दाबलेल्या जागेवर जाऊन त्याने आपली टाच मारून बघितली, दोन ठिकाणी परत दाबलं. परतताना म्हणाला, "गाडी रांगेत मित्राच्या हवाली करून आलो. आईला फोन केला तर बोलली, तू नाय आलास तरी चालंल, म्याडमला धाडलंय. मना लाज वाटली."

"दर वेळी येता?"

"यंदा तिसऱ्यांदा उधाण झाला. ह्या पयल्यांदा आलो." त्याने बुटाचा चिखल बांधावर घासला. "खोटा कशाला बोलू, दर टायमाला नाय जमनार. माझ्या पोराला तर चिखल बघूनच कससा व्हतं, पनवेलला शिकतंय तो."

घरी कावळा शिवला होता. हिराबाईंनी दोघांना एका पंगतीत बसवलं. मला हात उचलता येत नव्हता. खीर वाटीला तोंड लावून प्यावी लागली आणि कोणी हसलं नाही. हिराबाई मला वाढताना म्हणाल्या, "घे बाय," आणि मी एवढी मोठी बाई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते वड्याच्या तिखटावर ढकललं. वड्यांत तिखट नव्हतंच.

पुन्हा पंख्याखाली

पुण्यात येऊन मी आमच्या निसर्गात माणसं घातली. घरटी एक. नियम सोपे होते: रोज फिरायचं, बीळ बुजवायचं, थाळी वाजली की यायचं. खेकड्यांना दोन महिने लागले होते, गावकरी तीन दिवसांत झाले. बटण दाबून जेवायला गेले. परत आले तर पन्नास वर्षं उलटून गेली होती आणि गाव कोरडं होतं.

अनिरुद्धला दाखवलं. तो चष्मा काढून म्हणाला, "माणूस हा नैसर्गिक घटक नाही."

"खेकडा चालतो?"

"खेकडा पगार मागत नाही आणि गाव सोडून जात नाही."

"हिराबाईही पगार मागत नाहीत."

तरी त्याने मला गिऱ्हाइकासमोर ते मांडू दिलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने एक नम्र गृहस्थ आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मी बांध दाखवला, उधाण दाखवलं, कोरडं गाव दाखवलं. ऐकताना त्यांचा चेहरा खुलत गेला. मला वाटलं, माणूस विरघळला.

"म्हणजे ही जमीन बुडतच नाही," ते म्हणाले. "मग तळं कशाला? सगळीवरच बांधूया की."

तळ्यापासून वाचवलेलं गाव मी आता इमारतींच्या तोंडी दिलं होतं. त्यांनी हातानेच भातावर इमारती मांडल्या. मी विचारलं, "मग बांधावर कोण जाणार?"

"तिथे राहायला येतील ते. तुमचाच नियम आहे ना, घरटी एक माणूस?"

त्यांनी चेष्टा केली होती. मी घरी जाऊन ती गंभीरपणे केली. गाव काढलं, शेतं काढली, पाचशे फ्लॅट घातले. घरटी एक म्हणजे पाचशे माणसं. बांध किल्ल्यासारखा उभा राहिला. मग प्रश्न आला तो हजेरीचा. फ्लॅटमधली माणसं बोलावल्यावर किती येतात, याचा माझ्याकडे एकच भरवशाचा अनुभव आहे, तो म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. एकशे चाळीस फ्लॅट, उपस्थिती अकरा, त्यातले चार जण पार्किंगवरून भांडायला आलेले. तेच प्रमाण मी मॉडेलमध्ये घातलं.

पहिल्याच भाद्रपदात खाडी आत आली. ती थेट तळमजल्यातल्या पार्किंगमध्ये गेली.

पुढच्या बैठकीत मी ती तालीम मोठ्या पडद्यावर चालवली. भाषण केलं नाही. नम्र गृहस्थ निळं पाणी गाड्यांवरून चढताना बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि गाव ठेवलं तर?" मी गाव ठेवून दाखवलं. पार्किंग कोरडं राहिलं.

महिन्याभराने सुधारित आराखडा आला. तळं नाही, भातावर इमारती नाहीत. त्या मागे, टेकडीच्या अंगाला सरकल्या आहेत. गाव जागच्या जागी आहे आणि शेतंही. फक्त गावाचं नाव नाही. तिथे हिरव्या रंगात लिहिलं आहे: 'जिवंत पूरनियंत्रण यंत्रणा'.

मी हिराबाईंना फोन केला. आनंद होताच, पण त्या हिरव्या अक्षरांनी त्याला जरा नासवलं होतं.

"गाव राहिलं," मी म्हटलं. "शेतं पण राहिली."

"आन् तो तला?"

"गेलं."

त्यांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी ते सांगितलं. मग परत आल्या. "नकाशान आमचा नाव लिवलाय का?"

मी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, पाणी अडवणारी यंत्रं असतात ना, तशी, पण जिवंत.

"मंजी आमी."

"हो."

"बरा," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. बिळं तपासताना टाच फिरवायच्या तसं काहीतरी तपासत होत्या. "पन बाय, जिवंत लिवलाय तर मानसां मरतान पन. माझा घरवाला मेला, त्याची जागा मी भरली. माझी कोन भरल, ता लिवलाय का?"

"नाही."

"तुझ्या त्या कंप्युटरला ठाव हाय?"

"नाही. मी त्यात गावातली माणसं म्हातारी होऊच दिली नाहीत. पन्नास वर्षं तीच येतात."

मग त्या म्हणाल्या, "मंग ठाव नाय म्हनून लिव. खोटा नको लिवू."

आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'मॉडेलच्या मर्यादा' नावाचं एक पान असतं. अनिरुद्धने ते तपासलं, गिऱ्हाइकाने त्यावर सही केली आणि अहवाल मंजूर होऊन गेला. त्या पानावर, गाळाच्या कणांच्या खाली, मी एक वाक्य लिहिलं होतं: 'हिराबाईंच्या नंतर त्यांच्या घरातून बांधावर कोण येईल, हे आम्हाला माहीत नाही.' ते अजून कोणी काढायला सांगितलेलं नाही, म्हणजे ते अजून कोणी वाचलेलं नाही.